सहावी तपासणी

मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने निघालेले रुग्ण सकाळी हैदराबादला उतरतात आणि दहाच्या सुमारास माझ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसतात. नांदेड, देगलूर, उदगीर, परभणी अशा गावांकडून ते येतात. गेली पस्तीस वर्षे हे दृश्य मी पाहत आलो आहे. त्यात एकच मोठा बदल झाला. पूर्वी त्यांच्या हाती भाकरीचे गाठोडे आणि गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी असे. आता कापडाच्या दुकानातली मोठी पिशवी असते आणि ती तपासण्यांच्या कागदांनी भरलेली असते. खुर्चीवर बसण्यापूर्वीच ती माझ्या टेबलावर ठेवली जाते. "सगळ्या तपासण्या झाल्यात साहेब, आता तुम्ही फकस्त औषध लिहा," असे म्हणणाऱ्याच्या स्वरात किंचित अभिमानही असतो. आमचे काम आम्ही केले, आता तुमची पाळी, असा त्याचा अर्थ.

मी पिशवी बाजूला ठेवतो आणि काय होते आहे ते सांगा, असे म्हणतो. नवा माणूस यावर गोंधळतो. एवढे कागद समोर असताना पुन्हा विचारायचे ते काय, असे त्याला वाटते. आपल्या जुन्या वैद्यकाने रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले होते: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. त्यांतल्या पहिल्या दोहोंची जागा यंत्रांनी घेतली, आणि ती बव्हंशी योग्यच घेतली. माझ्या डोळ्यांना व बोटांना जे कधीच कळले नसते ते यंत्रांना कळते. तिसऱ्याची जागा मात्र कोणी घेतलेली नाही. ती नुसतीच रिकामी पडली आहे. १९७५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बाह्यरुग्ण विभागात प्रथमच आलेल्या ८० रुग्णांचे अंतिम निदान नेमके कोणत्या टप्प्यावर हाती आले, एवढेच त्यात पाहिले होते. त्यांपैकी ६६ जणांचे निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र वाचून व रुग्णाची हकीकत ऐकूनच झाले होते. अंगाला हात लावून तपासल्यावर आणखी ७ जणांचे झाले आणि प्रयोगशाळेच्या मदतीने उरलेल्या ७ जणांचे. त्यानंतर वैद्यक फार पुढे गेले आहे हे मान्य. परंतु हकीकत सांगणारा माणूस तोच आहे.

काही वर्षांपूर्वी उदगीरकडच्या एका खेड्यातून एक बाई आली होती. वय अडतीस-चाळीस. बरोबर नवरा आणि दीर. चालले की धाप लागते, छातीत धडधडते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पिशवीत मेंदूचा सीटी स्कॅन होता, हृदयाचा आलेख व इको होती. थायरॉईड, जीवनसत्त्वे, यकृत, मूत्रपिंडे, संधिवाताचे घटक, सारे होते. नवऱ्याने खर्चाचा हिशेब वहीच्या पानावर मांडून ठेवला होता आणि ते पानही त्याच पिशवीत होते. बेरीज एकतीस हजारांच्या वर गेली होती. शेवटच्या दोन ओळी म्हैस विकल्यानंतरच्या होत्या. सर्वांत जुन्या कागदावर, पहिल्याच ओळीत, हिमोग्लोबिन ६.४ असे छापलेले होते आणि त्यापुढे खाली तोंड केलेला बाण होता.

हा आकडा कोणालाच दिसला नाही असे मी म्हणणार नाही. एका डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहिली होती. अकरा औषधांच्या यादीत ती नववी होती. गोम अशी की त्या पिशवीत असे बाण एकूण सतरा होते. थायरॉईडच्या बाणासाठी एक गोळी सुरू झाली होती, जीवनसत्त्वाच्या बाणासाठी इंजेक्शने, संधिवाताच्या बाणासाठी आणखी तपासण्या. सोळा खोट्या किंवा क्षुल्लक बाणांच्या गर्दीत एक खरा बाण हरवून गेला होता. मी दोघा पुरुषांना बाहेर बसावयास सांगितले, परिचारिकेला आत बोलावले आणि त्या बाईंना पाळीविषयी विचारले. दोन वर्षांपासून दर महिन्याला नऊ-दहा दिवस अंगावरून जात होते. "आजवर सांगितले कसे नाही?" असे परिचारिकेने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणी इचारलंच न्हाई."

एक तपासणी मीही लिहिली. पोटाची सोनोग्राफी. गर्भाशयात गाठ निघाली, साधी. पुढचे काम स्त्रीरोगतज्ज्ञांनी केले.

या बाणांचे मूळ एका साध्या गणितात आहे. ते शिकवताना आम्हांला सांगितले जाते, परंतु पुढे धंद्याच्या धबडग्यात विसरले जाते. एखाद्या घटकाची 'प्राकृत' मर्यादा ठरवताना बहुधा निरोगी माणसांची मोजमापे घेऊन त्यांतली मधली शेकडा ९५ तेवढी आत ठेवतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांपैकी पाचांच्या आकड्यापुढे बाण येणारच. तो त्या व्याख्येतच आहे. आता एका निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी बाण उमटण्याची शक्यता शेकडा ६४ निघते. सर्वांगीण तपासणीच्या सवलतीच्या योजनांच्या जाहिराती मी पाहतो तेव्हा हा आकडा मला आठवतो. साठ-सत्तर तपासण्या एकत्र घेतल्या तर प्रत्येकी किती स्वस्त पडतात हे त्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. निरोगी म्हणून आत गेलेला माणूस निरोगी म्हणून बाहेर येण्याची शक्यता किती, हे कुठेच नसते.

तपासणीची किंमत आणि तपासणीचा खर्च या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला एका जुन्या लेखाने शिकवले. तोही १९७५ सालचाच. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूहाउझर आणि लेविकी या दोघांनी तो लिहिला होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा सुगावा लागावा म्हणून शौचातील न दिसणारे रक्त शोधण्याची एक अतिशय स्वस्त चाचणी असते. ती एकापाठोपाठ सहा वेळा करावी अशी शिफारस त्या काळी अमेरिकेत होती. एखाद्या वेळी चुकली तर पुढच्या वेळी सापडेल, असा त्यामागचा विचार. वरवर पाहता त्यात वावगे काही नाही. या दोघांनी दहा हजार माणसांचे गणित मांडले. पहिल्या चाचणीत सापडणाऱ्या प्रत्येक कर्करोगामागे सुमारे १,१७५ डॉलर खर्च येत होता. सहाही चाचण्यांची सरासरी काढली तर तो सुमारे २,४५१ डॉलर, म्हणजे फारसा डोळ्यांवर येऊ नये असाच. परंतु पहिल्या पाच चाचण्यांतून निसटलेला एक अधिक कर्करोग सहाव्या चाचणीने शोधावयाचा तर खर्च किती, असा नेमका प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर आले ४ कोटी ७१ लाख डॉलर. सापडावयाचे होते ते बहुतेक आधीच सापडले होते. सहावी चाचणी मुख्यत्वे निरोगी माणसांचीच पुन्हा एकदा होत होती. पुढे १९९० साली या गणितातील गृहीतकांवर टीकाही झाली आणि तो आकडा अक्षरशः घेऊ नये हे खरेच. माझ्या मनात राहिला तो आकडा नव्हे, तो प्रश्न राहिला. तपासणी केवढ्याला पडते, असे न विचारता, एवढे सगळे माहीत झाल्यावर आणखी एक तपासणी काय देणार, असे विचारावयाचे.

माझ्याकडे शिकावयास येणारी तरुण मुले एखादी तपासणी लिहिण्यापूर्वी माझ्याकडे पाहतात. मी त्यांना म्हणतो, उत्तर 'आहे' असे आले तर तू काय करशील ते सांग. मग उत्तर 'नाही' असे आले तर काय करशील ते सांग. दोन्ही वेळी तू तेच औषध देणार असशील, तर त्या माणसाचे पैसे त्याच्या खिशात राहू दे. हे माझे शहाणपण नव्हे. १९८० साली पॉकर आणि कॅसिरर यांनी हा विचार रीतसर गणिताने मांडला. रोगाची शंका फारच थोडी असेल तर तपासणीही नको आणि उपचारही नको. शंका फार दाट असेल तर तपासणीवाचूनच उपचार सुरू करावा. तपासणीचा उपयोग या दोन उंबरठ्यांच्या मधल्या जागेत. ही मधली जागा किती रुंद, हे रोग किती घातक, औषध किती जालीम आणि तपासणी स्वतः किती त्रासदायक, यावर ठरते.

आणखी एक गोष्ट त्यात येते आणि ती सामान्य बुद्धीला चटकन पटत नाही. तीच तपासणी, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ. परंतु उत्तराचा अर्थ मात्र माणसागणिक बदलतो. समजा, एक तपासणी शंभर रोग्यांतल्या नव्वदांना बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना बरोबर सोडते. लक्षणे ऐकून ज्यांच्याविषयी निम्मी शंका आहे अशा हजार जणांना ती केली, तर पाचशे रोग्यांपैकी ४५० सापडतील व पाचशे निरोग्यांपैकी ५० उगाच अडकतील. 'आहे' हे उत्तर शंभरांत नव्वद वेळा खरे. आता वाटेवरचे कोणीही हजार जण धरले आणि त्यांत रोगी अवघे दहा असले, तर खरे सापडतील ९ आणि उगाच अडकतील ९९. येथे 'आहे' हे उत्तर बारांपैकी अकरा वेळा खोटे ठरते. ज्या सूत्राने हा हिशेब होतो त्याचा कर्ता टॉमस बेझ हा अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक होता. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. प्रश्न आधी विचारावयाचे ते यासाठी. हकीकत ऐकल्यावाचून केलेली तपासणी म्हणजे वाटेवरच्या हजारांची तपासणी.

आपल्याकडे याची झळ सर्वांत अधिक तापाच्या रुग्णांना बसते. विडाल चाचणी १८९६ सालची. विषमज्वराचे जंतू अंगात शिरले की शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते ती या चाचणीत दिसतात. परंतु जेथे हा रोग घरोघरी होऊन गेलेला आहे, तेथे ती प्रतिद्रव्ये मागच्या खेपेचीही असू शकतात, आणि ताप उतरल्यावरही ती बराच काळ रेंगाळतात. एका कापडव्यापाऱ्याने माझ्यापुढे आठ महिन्यांतले पाच विडाल ठेवले होते. ताप पहिल्याच महिन्यात गेला होता. "टायफॉईड काही उतरत नाही साहेब," असे ते म्हणत होते. दर खेपेस चाचणी, चाचणीत आकडा आणि आकड्यावर औषध असे चालले होते. चाचणी स्वस्त होती, हेच तर तिचे महागपण. पहिल्या आठवड्यात एकदा रक्ताचे संवर्धन केले असते, तर ते तिच्या कित्येक पट महाग पडले असते आणि त्यांचे आठ महिने वाचले असते.

क्षयाच्या बाबतीत हे अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. क्षय ओळखण्यासाठी रक्तातील प्रतिद्रव्ये पाहणाऱ्या चाचण्या आपल्या देशात खाजगी व्यवसायात लाखोंनी होत असत. थुंकी तपासण्यापेक्षा रक्त देणे सोयीचे, अहवाल छापील, आकडा दशांशापर्यंत. दोष एवढाच होता की क्षय आहे की नाही हे त्यांतून कळत नसे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात, भारतात सूक्ष्मदर्शकाऐवजी या रक्तचाचण्या वापरल्या तर काय होईल ते मांडले होते. खर्च सुमारे चौपट, आणि क्षय नसताना क्षयरोगी ठरवली जाणारी माणसे एक लाखाहून अधिक वाढणार. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एखाद्या औषधावर बंदी आल्याचे आपण अधूनमधून वाचतो. प्रश्नच चुकीचा आहे म्हणून प्रश्नावर बंदी येणे दुर्मीळ.

हे सारे डॉक्टरांना ठाऊक नसते असे नाही. मग पिशव्या भरतात कशा? तपासणीसाठी पाठवले की काही टक्के परत येतात, ज्याला आमच्यात 'कट' म्हणतात, हे एक कारण आहेच, आणि ते लाजिरवाणे आहे. परंतु सारा दोष त्याच्या माथी मारणे मला सोयिस्कर वाटते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. तो निर्णय आवश्यक होता असेच माझे मत आहे. तथापि, न्यायालयात कागद लागतो. 'मी नीट विचारले होते' याला कागद नसतो. आणि रुग्णही काही कमी नाहीत. अर्धा तास बोलून, छाती-पोट तपासून, भीतीचे कारण नाही असे सांगावे, तर जिन्यात शब्द ऐकू येतात, "काहीच तपासलं नाही हो, नुसते पैसे घेतले." तोच माणूस स्कॅनच्या काळ्या फिती खांद्याला लावून समाधानाने घरी जातो. अर्ध्या तासाला आपल्या व्यवहारात मोल नाही, फितीला आहे.

पैसा ज्यांच्यापाशी आहे त्यांचे काय? माझे थोरले बंधू नांदेडला असतात. शाळामास्तर होते. सत्तराव्या वर्षानंतरही पहाटे उठून गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या पंचाहत्तरीला पुतण्याने त्यांना आणि वहिनींना पुण्याला नेऊन नखशिखान्त तपासणी भेट दिली. त्यात छातीच्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गाठ दिसली. मग दुसरा स्कॅन, अधिक महागाचा. त्यानेही निश्चित काही कळेना, म्हणून सुई घालून तुकडा काढला. सुईने फुप्फुसाचा वरचा पापुद्रा फाटला, हवा बाहेर साठली, फुप्फुस मिटले, आणि दादा पाच दिवस छातीत नळी घालून पडून राहिले. मला दूरध्वनी आला तो नळी घातल्यावर. "काका, पैशाचा प्रश्न नव्हता हो," पुतण्या पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादांसाठी काहीतरी करावं, एवढंच मनात होतं." तुकड्याचा अहवाल आला. जुन्या क्षयाचा भरून आलेला व्रण. दादांना विशीत क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी दुखणारी कंबर शेकत ते ओसरीवर बसलेले असत, हे मला आजही आठवते. साठ-सत्तर प्रश्न रक्ताला विचारले गेले. दादांना एकही नाही.

मी पुतण्याला बोल लावला नाही. प्रेम दाखवण्याची ही आजची रीत आहे आणि त्याचे प्रेम खोटे नव्हते. छातीचा असा स्कॅन सर्वत्र निरर्थक असतो असेही नाही. अमेरिकेत दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या हजारो लोकांवर मोठी चाचणी झाली आणि अशा स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू शेकडा २०ने घटले, असे २०११ साली दिसून आले. पण दादांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही, आणि आपला देश जुन्या क्षयाच्या व्रणांचा आहे. तिकडचे योग्य उत्तर इकडच्या प्रश्नाला चिकटवले गेले. दादा बरे झाले. परंतु घाटावर जाणे त्यांनी सोडले. "मधेच दम लागला तर?" असे म्हणतात. दम लागत नाही. लागेल ही भीती त्या नळीबरोबर आत गेली आणि नळी काढली तेव्हा बाहेर आली नाही. रुग्णालयाच्या देयकात या खर्चाची ओळ नव्हती.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की मी तपासण्यांचा वैरी आहे, आणि काटकसर म्हणजेच विवेक असे मला म्हणावयाचे आहे. तसे नाही. मी ज्या शहरात राहतो तेथे, सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूंचे काळे कण पाहिले. एका सूक्ष्मदर्शकाखाली एक नेमका प्रश्न. बेगमपेठेतील त्या वास्तूवरून जाताना मला तपासणी या गोष्टीविषयी आदरच वाटतो. आणि न केलेल्या तपासणीचाही खर्च असतो. तो कोणी वहीत मांडत नाही, एवढेच. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक तपासण्यांची पहिली यादी काढली, २०१९मध्ये भारताने आपली काढली. गरोदर बाईच्या लघवीतील प्रथिने किंवा रक्तातील हिमोग्लोबिन अशा साध्या गोष्टी गावपातळीवर मिळाव्यात, असे त्या यादीत आहे. जेथे त्या अजून पोहोचल्या नाहीत तेथे तपासण्यांच्या अतिरेकाविषयी बोलणे मला शोभणार नाही.

गेल्या वर्षी देगलूरकडचा एक मुलगा आईबरोबर आला होता. वय बावीस. वीटभट्टीवर कामाला. दोन वेळा क्षयाचे उपचार झालेले. एकदा पुरे, एकदा अर्धे. पुन्हा खोकला, पुन्हा ताप, वजन बेचाळीस किलो. त्याच्या पिशवीत कागद थोडेच होते. थुंकीची साधी तपासणी झाली होती व तीत जंतू दिसले होते, त्यावरून जुन्याच औषधांचा तिसरा फेरा सुरू होता. साधी तपासणी जंतू आहेत एवढे सांगते. ते कोणत्या औषधाने मरतील ते सांगत नाही. त्याला विचारावयाचा प्रश्न दुसरा होता, आणि तो विचारण्यासाठी सीबीनॅटचे यंत्र लागते. जंतूंतील जनुकीय फरक पाहून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे ते दोनेक तासांत सांगते. आता त्या धर्तीचे ट्रूनॅट नावाचे लहान यंत्र गोव्यातील एका कंपनीनेही तयार केले आहे. ते विजेच्या भरवशावाचूनही काही काळ चालते. खाजगीत ही तपासणी थुंकीच्या साध्या तपासणीपेक्षा किती तरी महाग. सरकारी क्षयरोग केंद्रात विनामूल्य. मी चिठ्ठी दिली.

त्याच्या आईने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "साहेब, ह्यो फुकट हाय म्हंजी बरा असंल का?" सर्वांत महाग तेच तपासणी म्हणून खरे, हे त्या माउलीलाही आता माहीत झाले होते. मी तिला म्हटले, मावशी, त्याच्याइतका बरा प्रश्न विचारणारे यंत्र आज माझ्या माहितीत नाही. पहाटेची थुंकी द्यावयाची होती म्हणून दोघे रात्री सरकारी दवाखान्याच्या धर्मशाळेत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल आला. रिफाम्पिसिनला दाद न देणारे जंतू होते. चालू गोळ्यांची उरलेली पाकिटे त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली, नव्या औषधांसाठी केंद्रात त्याचे नाव नोंदवले गेले, आणि त्याच्या दोन लहान बहिणींनाही घेऊन ये, असे मी त्याच्या आईला सांगितले.